गोव्यात फिल्म भरताना: रंगीत की कृष्णधवल?

कॅमेऱ्यात रोल भरला की पुढच्या ३६ फोटोंपुरता एक निर्णय होऊन जातो. डिजिटलमध्ये तो घरी येऊन, संगणकासमोर बसून घेता येतो. फिल्मच्या बाबतीत तो घराबाहेर पडण्याआधीच घ्यावा लागतो, आणि मग दिवसभर आपण कुठे थांबणार, काय सोडून देणार हेही त्याच रोलवर ठरतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रंगीत रोल घेऊन गेलात तर पाय मिरच्यांच्या आणि केळ्यांच्या राशींपाशी थांबतात. कृष्णधवल असेल तर त्याच बाजारात ताडपत्रीच्या फटीतून पडलेली उन्हाची पट्टी आणि तिच्यात क्षणभर उजळून जाणारे चेहरे दिसायला लागतात.

नव्याने फिल्म हातात घेतलेल्यांना मी पहिल्यांदा एकच सल्ला देते: पावसाळ्यातल्या करड्या आभाळाखाली रंगीत रोल भरा आणि एप्रिल-मेच्या टळटळीत उन्हात कृष्णधवल. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. आभाळ दाटून आलं, वातावरण उदास झालं, म्हणून कृष्णधवल. आणि लख्ख ऊन पडलं म्हणून रंगीत. असं करण्यात नुकसान का होतं, ते पुढे येईलच.

पहिली पायरी: समोरचं दृश्य कशामुळे उभं आहे ते ओळखा

चित्रातल्या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या दिसतात त्या दोन कारणांनी: रंगातल्या फरकामुळे किंवा उजेडातल्या फरकामुळे. पहिलं कारण असेल तर रंगीत फिल्म, दुसरं असेल तर कृष्णधवल. सगळी निवड या एका प्रश्नावर येऊन थांबते.

पहिल्या पावसानंतरचा एखादा सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, घ्या. तांबडा जांभा आणि त्यावर नुकतंच उगवलेलं पोपटी गवत. डोळ्यांना हे दोन रंग एकमेकांवर आदळताना दिसतात. पण दोघांचा उजळपणा साधारण सारखाच, त्यामुळे नेहमीच्या कृष्णधवल फिल्मवर दगड आणि गवत जवळजवळ एकाच राखाडीत मिसळून जातात. लाल बोगनवेल आणि तिची पानं यांचंही असंच होतं. आता जुन्या गोव्यात बॉम जेझू बासिलिकेसमोर उभे राहा. या इमारतीचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला, त्यामुळे तिचा जांभा उघडा आहे. तिरपं ऊन आलं की त्या दगडाचं प्रत्येक भोक, प्रत्येक कड सावलीने कोरून निघते. इथे रंग एकच आहे, खेळ सगळा उजेडाचा आहे. रोल कृष्णधवल हवा.

हे ओळखायची सवय लावायला फोन कामी येतो. फोनचा कॅमेरा मोनो (कृष्णधवल) करून ठेवा आणि घरापासून बाजारापर्यंत चालता चालता अधूनमधून त्यातून बघा. काय टिकतं, काय विरघळतं याचा अंदाज आठवडाभरात येऊ लागतो. फोन नको असेल तर डोळे किलकिले करा. बारीक तपशील आणि रंग मागे पडतात आणि उजेड-काळोखाचे मोठे आकार उरतात.

दुसरी पायरी: फिल्म कशी काम करते, तेवढं माहीत करून घ्या

कृष्णधवल फिल्ममध्ये चांदीच्या क्षारांचे कण असतात. प्रकाश पडलेल्या कणांची डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या पहिल्या रसायनात, धातूची चांदी होते आणि तीच आपली निगेटिव्ह. रंगीत निगेटिव्हमध्ये निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाला संवेदनशील असे थर एकावर एक असतात. डेव्हलपिंग होताना प्रत्येक थरात रंगद्रव्य तयार होतं आणि नंतर चांदी काढून टाकली जाते. म्हणजे शेवटी एका फिल्मवर धातू उरतो, दुसरीवर रंग. टिकाऊपणा, ग्रेन (चित्रातला रवाळपणा), घरी धुता येणं, या सगळ्यातले फरक इथूनच निघतात.

नवख्यांनी स्लाइड फिल्म (जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट सरळ चित्र येतं ती) सध्या बाजूला ठेवावी. तिला अर्ध्या स्टॉपची चूकही खपत नाही (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). रंगीत निगेटिव्ह मात्र उदार असते.

रंगीतमध्ये कोडॅक गोल्ड २०० पिवळसर, उबदार कलाची आहे. संध्याकाळच्या उन्हात ती छान दिसते. एक्टार १०० चे रंग गडद, लाल तर फारच. जांभा आणि कौलं तिच्यावर पेटून उठतात, पण माणसांचे चेहरेही लालसर होतात, म्हणून लग्न-बारशाला ती नेऊ नका. चेहऱ्यांसाठी पोर्ट्रा ४००. कृष्णधवलमध्ये इल्फर्डची एचपी५ प्लस किंवा कोडॅकची ट्राय-एक्स ४००, दोन्ही ४०० आयएसओच्या (हा आकडा जितका मोठा तितका कमी उजेड पुरतो) आणि चुका पोटात घालणाऱ्या. बेताच्या खर्चात केंटमियर ४००. बारीक ग्रेन हवा असेल आणि ऊन भरपूर असेल तर एफपी४ प्लस, ती १२५ ची.

एक सांगायलाच हवं. आपल्याकडेही फिल्म बनत असे. १९६० साली उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि 'इंदू' या नावाने कृष्णधवल फिल्म आणि कागद देशभरच्या स्टुडिओंत पोचला. जुन्या स्टुडिओवाल्यांशी गप्पा मारल्यात तर हे नाव निघेल, आणि त्यांच्याकडून खूप शिकायलाही मिळेल.

कोणतीही निवडा, पण सुरुवातीचे काही रोल एकाच नावाचे वापरा. दर वेळी फिल्म बदलली तर फरक फिल्ममुळे पडला की तुमच्यामुळे, हे कधी कळणार नाही.

तिसरी पायरी: महिना आणि वेळ बघा

आता सुरुवातीच्या सल्ल्याकडे. जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेलं असतं, उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्या जवळजवळ नसतात. अशा वेळी उजेडातला फरक फारच थोडा उरतो. कृष्णधवल फिल्मला खायला काही मिळत नाही आणि चित्र पिठूळ येतं. रंग मात्र याच दिवसांत सर्वांत खरे असतात. जांभा भिजला की अधिक तांबडा होतो, भिंतींवरचं शेवाळ उठून दिसतं, खाजन शेतातला (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातला) हिरवा तर शब्दांत सांगता येत नाही. कडक सावल्या नसल्यामुळे रंगीत निगेटिव्हला सगळं दृश्य आरामात सामावून घेता येतं. शक्य असेल तर लेन्सवर पोलरायझर हा फिल्टर लावा. ओल्या माडाच्या झावळ्यांवरची पांढरी चकाकी तो काढून टाकतो आणि खालचा हिरवा वर येतो. त्यात दीड ते दोन स्टॉप उजेड खर्च होतो हे ध्यानात ठेवा. ओल्या रस्त्यावरचं प्रतिबिंबच तुमचा विषय असेल तर मात्र पोलरायझर काढून ठेवा, नाहीतर तेही पुसलं जाईल.

पावसात उजेड कमी असतो, म्हणून ४०० ची फिल्म घ्या. दाट ढगांखाली ४०० च्या फिल्मला शटर १/५०० आणि ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/४ इथपर्यंत खाली यावं लागतं. झाडांखाली त्याहून खाली.

मे महिन्यातल्या दुपारी सगळं उलटतं. ऊन डोक्यावर, आकाश पांढरट, रंग उडालेले, चेहऱ्यावर नाकाची सावली ओठांवर पडलेली. रंगीत फिल्मवर ही वेळ फिकट आणि कठोर येते. कृष्णधवलसाठी मात्र हीच सावली म्हणजे रेघ, आकार, रचना. पणजीतल्या फोंतेन्हासच्या गल्लीत बाल्कनीच्या जाळीची सावली भिंतीवर तिरकी उतरलेली असते. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीत छपराखालचा काळोख आणि पलीकडची चमकती मांडवी यांच्या मधोमध माणसं उभी असतात. दुपारी बारा वाजता फोटो काढू नयेत असं सर्रास सांगितलं जातं. रोल कृष्णधवल असेल तर ते मनावर घेऊ नका.

याला एक अपवाद. कुळागरात (सुपारीच्या बागेत) पोफळी-माडांखाली उजेड पानांतून गाळून येतो आणि हिरवा होऊन येतो. तिथे रंगीत फिल्मवर माणसांची कांती आजारी, हिरवट दिसते. कुळागरातल्या कामाचे आणि माणसांचे फोटो काढायचे असतील तर ऋतू कोणताही असो, कृष्णधवल न्या. फक्त झाडं आणि पाणी हवं असेल तर रंगीत चालेल.

सणांबद्दल फार विचार करायला नको. शिगम्याची (गोव्यातल्या होळीच्या सणाची) मिरवणूक, गुलाल, रोमटामेळातले (मिरवणुकीतल्या नाचणाऱ्या मेळ्यातले) पेहराव यांचा जीवच रंगात आहे.

चौथी पायरी: उजेड मोजा

चूक कुठल्या बाजूला झालेली चालते, हे दोन्ही फिल्मच्या बाबतीत एकच आहे: उजेड जास्त झाला तर चालतो, कमी पडलेला चालत नाही. कमी पडला की निगेटिव्हच्या सावलीतला तपशील नोंदलाच जात नाही आणि स्कॅन करताना कितीही ओढलं तरी तिथून राखाडी चिखलच निघतो. रंगीत फिल्मवर त्यात भलत्याच रंगाची झाकही येते.

रंगीत निगेटिव्हसाठी माझी पद्धत साधी आहे. फिल्म २०० ची असेल तर उजेड मोजणाऱ्या मीटरवर १०० लावायचं, म्हणजे एक स्टॉप जास्त. रंग स्वच्छ येतात.

कृष्णधवलसाठी थोडा अधिक विचार करा. चित्रातल्या ज्या सर्वांत काळ्या भागात तुम्हाला तपशील हवा आहे, तिथे जवळ जाऊन मीटर लावा आणि जे वाचन येईल त्याहून दोन स्टॉप कमी उजेड द्या. तांबडी सुर्लच्या महादेव मंदिरात हे करून बघा. कदंबकालीन, काळ्या बेसाल्टचं देऊळ, मागे घनदाट रान आणि वर चमकतं आकाश. सगळ्या दृश्याचं सरासरी मोजमाप घेतलंत तर आकाश मीटरला फसवेल आणि कोरीवकाम काळ्या ठिक्कर दगडात बुडून जाईल. दगडाच्या सावलीवरून मोजलंत तर नक्षी हाती लागेल.

पांढऱ्या भिंतींपाशी उलटी अडचण येते. पणजीच्या चर्चसमोर उभं राहून मीटर पाहिलं तर ते त्या पांढऱ्याला राखाडी समजतं आणि उजेड कमी देतं. तळहात उन्हात धरा, त्यावर मीटर लावा, आणि जे येईल त्याला एक स्टॉप जास्त द्या. तळहात सगळ्यांपाशी असतो आणि त्यावरचं मोजमाप बरंच भरवशाचं येतं.

मीटर बंद पडला तर लख्ख उन्हात एफ/१६ ठेवा आणि शटर फिल्मच्या आयएसओइतका: ४०० ला १/५०० च्या जवळ, २०० ला १/२५०. मिरामारसारख्या उघड्या वाळूवर एफ/२२.

पाचवी पायरी: कृष्णधवलला फिल्टर द्या

पहिल्या पायरीत जांभा आणि गवत एकाच राखाडीत मिसळून गेले होते. ते वेगळे करायचं साधन म्हणजे रंगीत काच. नियम एवढाच: फिल्टर आपल्या रंगाच्या वस्तू उजळ करतो आणि विरुद्ध रंगाच्या काळवंडून टाकतो. लाल फिल्टर लावला तर सडा उजळतो, गवत गडद होतं. हिरवा लावला तर गवत उजळतं, दगड काळा पडतो. एकाच जागेची दोन पूर्ण वेगळी चित्रं. मला यापैकी हिरव्याचं चित्र जास्त आवडतं, कारण त्यात जांभ्याचं वजन जाणवतं.

पिवळा फिल्टर नवख्याने पहिल्यांदा घ्यावा. कृष्णधवल फिल्मला निळा प्रकाश आपल्या डोळ्यांपेक्षा जास्त भावतो, म्हणून डिसेंबरचं निळं आकाश फोटोत पांढरं होतं आणि ढग हरवतात. पिवळा ते परत आणतो आणि त्यासाठी एकच स्टॉप घेतो. नारिंगी साधारण दोन, लाल तीन. कॅमेऱ्याचा मीटर लेन्समधून मोजत असेल तर तो हे बऱ्यापैकी सांभाळतो. हातातला वेगळा मीटर असेल तर तुम्हाला जोडावं लागेल. पावसाळी करड्या आभाळात निळाच नसतो, तेव्हा तिथे पिवळ्याचा उपयोग नाही. चेहऱ्यांवर लाल लावू नका, ओठ नाहीसे होतात. आणि हे सगळे फिल्टर रंगीत रोल भरताना आठवणीने काढा.

सहावी पायरी: घरात, देवळात, रात्री

रंगीत फिल्म साधारण ५५०० केल्विनच्या दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली असते. डोळे पिवळ्या बल्बखाली लगेच सरावतात, फिल्म सरावत नाही. पिवळ्या बल्बखाली सगळं नारिंगी येतं, ट्यूबलाइटखाली हिरवट. समईच्या उजेडातली नारिंगी झाक सुंदर दिसते, ती राहू द्या. पण मासळी बाजारात एकीकडे ट्यूब, दुसरीकडे एलईडी आणि दारातून येणारा दिवस असे तीन उजेड एकत्र आले की रंगीत फिल्मवर माशाचा रंग कुठला आणि दिव्याचा कुठला हे कळेनासं होतं. तिथे कृष्णधवल सगळं सोडवून टाकते. शिवाय ४०० ची एचपी५ किंवा ट्राय-एक्स १६०० ची समजून वापरता येते. फक्त पूर्ण रोल तसाच वापरायचा आणि धुताना पुश करायला, म्हणजे जास्त वेळ डेव्हलप करायला, सांगायचं. रंगीत फिल्मलाही पुश करता येतं, पण इतकं निभावत नाही.

म्हार्दोळ किंवा मंगेशीच्या दीपस्तंभाचा रात्री फोटो घ्यायचा असेल तर तिपाई लागेल. शटर एका सेकंदाहून जास्त उघडं राहिलं की फिल्म मंदावते. एचपी५ ला मीटरने १० सेकंद सांगितले तर साधारण २० द्या. रंगीत फिल्मवर वेळ तर वाढतोच, रंगांचा तोलही सरकतो. गाभाऱ्यात कॅमेरा काढण्याआधी विचारा. फोंतेन्हासमध्येही विचारा, तिथल्या दारांमागे माणसं राहतात आणि फोटोवाल्यांच्या गर्दीने ती कंटाळली आहेत.

सातवी पायरी: रोल धुऊन घेणं

रंगीत निगेटिव्ह सी-४१ पद्धतीने धुतात: डेव्हलपर ३८ अंश सेल्सिअसच्या जवळ, ३ मिनिटं १५ सेकंद, आणि तापमानात अर्ध्या अंशाचा फरकही रंगांवर दिसतो. सुरुवातीला ते लॅबवर सोपवा. गावातल्या स्टुडिओत अजून रोल घेतात का ते आधी विचारा, आणि 'ब्लॅक अँड व्हाइट' असेल तर तसं स्पष्ट सांगा. कृष्णधवल रोल चुकून सी-४१ मध्ये गेला तर सगळी चांदी निघून जाते आणि फिल्म कोरी येते. याला अपवाद इल्फर्ड एक्सपी२ सुपरचा: ती कृष्णधवल असूनही सी-४१ मध्येच धुवायची असते.

कृष्णधवल घरी धुणं मात्र जमण्यासारखं आहे आणि मी ते प्रत्येकाला करायला लावते. गोव्यातली अडचण एकच, पाणी. बहुतेक रसायनांच्या वेळा २० अंशांसाठी दिलेल्या असतात आणि आपल्या नळाचं पाणी त्याहून कितीतरी गरम असतं. पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा आणि परातीत पाणी घेऊन त्यात रसायनाच्या बाटल्यांबरोबर त्या उभ्या करा. बर्फ थेट रसायनात घालू नका, ते पातळ होतं. २० पर्यंत उतरवणं नकोसं झालं तर २४ वर थांबा आणि वेळ कमी करा: एचपी५ ला आयडी-११ हा डेव्हलपर एकास एक पाण्यात २० अंशांवर १३ मिनिटं लागतात, २४ वर सुमारे ९. त्याहून बरंच गरम पाणी असेल तर वेळ फारच कमी होतो आणि फिल्म एकसारखी न धुतली जाण्याचा धोका असतो. डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं रसायन), फिक्सर (उरलेले क्षार काढणारं रसायन) आणि शेवटचं धुणं, सगळ्यांचं तापमान जवळपास एकच ठेवा.

वाळवताना पंखा बंद. न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफेने धूळ बसू द्या आणि मग तिथेच फिल्म टांगा. पावसाळ्यात रात्रभर लागेल, घाई करू नका. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते. तो विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्यात कधीही ओतू नका. कॅनमध्ये साठवून चांदी काढणाऱ्याकडे किंवा लॅबकडे द्या.

रंगीत रोल स्कॅन करून कृष्णधवल करता येतो का? येतो, आणि लाल-हिरव्याचा फिल्टरही मागाहून लावल्यासारखा करता येतो. पण काढताना तुम्ही रंग बघत होता, सावली नाही, आणि ते चित्रात दिसतं. मी ते शिकणाऱ्यांना सुचवत नाही.

आठवी पायरी: दमट हवेपासून सांभाळा

न वापरलेले रोल हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर दोन-तीन तास डबा उघडू नका, नाहीतर फिल्मवर दव धरतं. फोटो काढून झालेला रोल लवकर धुऊन घ्या; उष्णतेत रंगीत फिल्मचे थर एकसारखे बिघडत नाहीत आणि रंगाची झाक बदलते. दाबोळी किंवा मोपा विमानतळावर रोल सामानात टाकू नका, हातात ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. सीटी प्रकारच्या नव्या यंत्रांतून एकदा गेलेली फिल्मही धुरकट होऊ शकते.

जुनी घरं चाळा. १९७०-८० च्या दशकांतले रंगीत प्रिंट लालसर झालेले दिसतील, कारण त्यातलं निळसर रंगद्रव्य आधी गेलं. त्याआधीचे कृष्णधवल फोटो, बुरशीपासून वाचले असतील तर, अजून स्पष्ट असतात. आजचे रंगीत कागद पूर्वीपेक्षा खूप सुधारले आहेत, तरी नातवंडांनी बघावेत असे घरच्या माणसांचे फोटो मी कृष्णधवलवरच काढते. निगेटिव्ह प्लास्टिकच्या साध्या पिशव्यांत न ठेवता आम्लरहित कागदाच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पानांत ठेवा, लाकडी कपाटाच्या तळाला नको, आणि पावसाळा संपला की कोरड्या दिवशी बाहेर काढून तपासा.

प्रत्येक पानावर फिल्मचं नाव, तारीख, जागा, आभाळ कसं होतं आणि फिल्टर कुठला होता एवढं लिहा. मग एक ओळखीची वाट घ्या, जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडी आणि परत अशी कुठलीही, आणि ती जुलैत एकदा, एप्रिलमध्ये एकदा, दोन्ही वेळी दोन्ही फिल्म घेऊन चाला. चारही रोलांचे कॉन्टॅक्ट शीट (रोलच्या सगळ्या फोटोंचं एकत्र छापलेलं पान) शेजारी मांडले की पुढचा रोल कुठला घ्यायचा ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.